अर्धी उरलेली भूल

मी केटामाइनची बाटली बोलतेय. बोटभर उंचीची, रबरी बुचाची, माणसाला भूल देणारी. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात, कुलूपबंद कपाटात माझा मुक्काम. दुष्काळानं गाळप बंद पडलं आणि कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी लागली. दवाखाना तेवढा चालू राहिला.

माझ्या शेजारी दुधासारखं पांढरं औषध असतं, प्रोपोफॉल. त्याचा तोरा काय सांगू! त्याच्या भुलीतून माणूस लवकर शुद्धीवर येतो. माझ्या भुलीतून उशिरा सावरतो, बरळतो, कधी ओकतोही. पण ते रक्तदाब पाडतं, श्वास मंद करतं. मी सहसा तसं करत नाही. एवढीच माझी ऐट.

छावणीतल्या सत्यभामाबाई आल्या, तेव्हा त्यांचा तळहात पुवानं टरारून फुगला होता.

"डॉक्टरसाब, लवकर उठंल अशी भूल द्या. सांजच्याला बैलांची हजेरी हाय."

छावणीत मालकानं स्वतः दावं धरून उभं राहायचं, तरच चारा मिळायचा. लोक एकमेकांची जनावरं दाखवून दुप्पट चारा नेऊ लागले, तेव्हापासूनचा हा नियम. सत्यभामाबाई तर घरात एकट्याच.

डॉक्टर रुद्रप्पांनी त्यांची कोरडी जीभ पाहिली, रक्तदाब मोजला. "अंगात पाणीच नाही तुमच्या. पांढरं औषध झेपायचं नाही," म्हणाले आणि मला बाहेर काढलं.

हात चिरला, पू निघाला, बाईंना काही कळलं नाही. मी फुशारले. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्या हसल्या. "बैल पोहायलेत बघा!"

उठायला गेल्या तर पाय लटपटले. नर्स महानंदाताईंनी त्यांना धरून ठेवलं. बाहेर भोंग्यावर नावं पुकारायला लागले.

"सोडा मला! काहून धरलं?"

सोडलं असतं तर दारातच पडल्या असत्या. बैल त्या रात्री उपाशी राहिले. मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी जखम पुन्हा साफ करायची होती. डॉक्टरांनी मला उचललं, तशा बाई म्हणाल्या, "नको ती झोप. दुखलं तरी चालंल. मला पायावर उभं ऱ्हायचंय."

मी परत कपाटात गेले. बधिर करायची सुई त्या सुजेत नीट लागू पडली नाही. बाई पदर दातांत धरून बसल्या. त्यांचं कण्हणं मला काचेआड ऐकू येत होतं. त्यांच्यापुरतं औषध माझ्या पोटात होतं, आणि बूच मला आतून उघडता येत नव्हतं.

उद्या पुन्हा जखम उघडायची आहे. छावणीवाल्यांनो, एक संध्याकाळ त्यांचं दावं दुसऱ्या कुणाला धरू द्या हो. बाई जरा निजतील.