टॉवेलाखालचा पाळणा

मी सुकुमारच्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर बोलतोय. जरा मोठ्यानंच बोलतो, कारण शेजारी तो मोबाईल पडलाय आणि या घरात सगळे त्याचंच ऐकतात.

बेळगावच्या एका कॉलेजनं मला मोडीत काढलं, तेव्हा सुकुमारनं मला निपाणीला आणलं आणि माझ्यात लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम घातली. कन्नड म्हणू नका, मराठी म्हणू नका, गावाचे अर्ज मी टाईप करून दिले. त्याची आई, धोंडूबाई, विड्या वळता वळता पाळणा म्हणायची. तोही त्यानं माईक लावून माझ्यातच साठवला. तेव्हा घरात लाडका मीच होतो.

मग हा मोबाईल आला. माझ्यावर टॉवेल पडला आणि टॉवेलावर त्याचा चार्जर. त्याला नुसता अंगठा टेकवला की उघडतो. सदानकदा सुकुमारच्या छातीशी, वरच्या खिशात. जळतो मी त्याच्यावर, लपवून काय करू?

गेल्या आठवड्यात अचानक टॉवेल निघाला. सुकुमारच्या लेकीचं बारसं होतं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून धोंडूबाईकडं नुसती कुजबुज उरलीय. ती म्हणाली, "सुकू, पोरीला माझाच पाळणा लाव रं. ह्यात हाय न्हवं?"

होता की. पण सुकुमार पासवर्ड विसरला होता. शेजारची पोरं गेम खेळतात म्हणून त्यानंच तो मुद्दाम अवघड केला होता. त्यानं गावाचं नाव टाकलं, म्हशीचं टाकलं, मग बायकोचं, दीप्तीचं. तेही चुकलं. ती बाळाला घेऊन मागंच उभी होती.

"मग कुणाचं नाव घातलासा तुम्ही?"

मला मात्र बरं वाटलं. जळणारा मी एकटाच नव्हतो.

"सगळं पुसून नवीन घालतो," तो वैतागून म्हणाला.

धोंडूबाईनं माझ्यावर हात ठेवला. "पुसलास तर माझा आवाज बी जाईल की रं."

मग त्यानं विचारलं कुणाला? मोबाईलला! माझं सगळं मला ठाऊक, आणि सल्ला त्याचा. त्याला माझ्याच पडद्याला टेकवून उभा केला. तो व्हिडिओत सांगेल तसं सुकुमार करत गेला. मला बंद करून चालू केलं, शिफ्ट दाबून धरली, रिकव्हरी मोड निवडला. काळ्या पडद्यावर कमांड टाईप केली आणि नवा पासवर्ड दोनदा दिला. लाजेनं मेलो मी.

पण पाळणा वाजला तो माझ्यातून. आधी विडीच्या पानांची सळसळ, मग तिचा मोकळा, भरलेला आवाज. बारशाला जमलेल्या बाया माझ्याकडं सरकल्या. धोंडूबाईचे ओठ हलत होते, आणि दीप्तीनं पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. तेवढा वेळ मोबाईलकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

"आता तरी पासवर्ड नीट जपून ठेवा," रात्री दीप्ती म्हणाली. "आणि पाळण्याची अजून एका ठिकाणी कॉपी करून घ्या."

"घेतो की उद्या," सुकुमार म्हणाला. तो उद्या अजून यायचाय. पासवर्ड मात्र त्यानं लगेच ठेवला, मोबाईलमध्ये. म्हणजे माझी किल्ली आता त्याच्या पोटात.

माझ्यावर परत टॉवेल आहे. काल फटीतून बघितलं, तर मोबाईल थरथरत टेबलाच्या कडेकडं सरकत होता. एवढे दिवस त्याच्या पडण्याची वाट बघणारा मी, मनातल्या मनात सुकुमारला हाका मारत होतो. अरे धर रं त्याला, पडंल तो.