दुधी भोपळ्याची शुगर

कनेरगाव नाक्याच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी सकाळी नऊलाच चपलांचा ढीग वाशीम रस्त्यापर्यंत आला होता. आत तरंगनाथ महाराज लोकांच्या रक्तातली साखर उतरवत होते. सुई नाही, गोळी नाही, डॉक्टरचं तोंड बघायची गरज नाही.

भक्ताच्या मनगटावर 'दिव्यकडं' बांधलं जाई. कडं म्हणजे काळ्या पट्ट्याचं घड्याळ, वर ॐचा स्टिकर. काचेवर आकडा उमटे, तीनशे बारा. सभा हळहळे. मग महाराज मनगट हातात घेत आणि डोळे मिटून माईकमध्ये सांगत, "विश्व म्हणजे लहर. रक्त म्हणजे लहर. साखर म्हणजे अडकलेली लहर. परदेशातले शास्त्रज्ञ हे आत्ता आत्ता कबूल करू लागलेत." डोळे उघडेपर्यंत आकडा एकशे दहावर आलेला असे. टाळ्या. वर प्रसाद म्हणून दुधी भोपळ्याचा कच्चा रस. तो पिऊनही ज्याचा चेहरा प्रसन्न राही, त्याची श्रद्धा पक्की समजायची.

तिसऱ्या रांगेत प्रतिक्षा बसली होती. अकरा वर्षं ती पुण्याच्या एका वर्तमानपत्रात मोबाइल, टीव्ही, घड्याळं यांबद्दल लिहीत आली होती. काळे टी-शर्ट घातलेले कंपन्यांचे साहेब दरवर्षी मोठ्या पडद्यासमोर क्रांती करतात, आणि गेल्या वर्षीची क्रांती लोक ड्रॉवरमध्ये टाकतात, हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की महाराजांचं तिला विशेष वाटलं नाही. काळजी आईची होती. द्वारकाबाईंनी तीन आठवड्यांपासून शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पायाला मुंग्या येत होत्या, तांब्यावर तांबे पाणी जात होतं. मुंग्या म्हणजे बाहेर पडणारी लहर, असं महाराजांचं निदान होतं.

"आई, गोळ्या काहून सोडल्या?"

"कड्यात एकशे दहा येऊन राहिली. मंग कशाला गिळू?"

"कडं खोटं बोलत असेल."

"तूच तर लिवलं, बराबर हाय म्हणून." द्वारकाबाईंनी स्टेजकडे बोट केलं.

स्टेजवरच्या बॅनरवर प्रतिक्षाचा हसरा फोटो होता. खाली तिचंच वाक्य : 'मनगटावरचा डॉक्टर. डोळे झाकून विश्वास ठेवा. साडेचार तारे.'

तिनं स्टिकरखालचं घड्याळ ओळखलं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं पत्रकारांना समुद्रकाठच्या हॉटेलात नेलं होतं. नाश्ता उत्तम होता. घड्याळ डब्यातून न काढता तिनं पत्रकावरचा मजकूर उतरवला होता. डोळे झाकून, एवढं मात्र त्यात खरं होतं.

ती शेजारी बसलेल्या वडिलांकडे, उत्तमरावांकडे वळली. "अण्णा, मोंढ्यात सोयाबीनची हवा मोजतात तवा तुमी काय करता?"

हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. तो जास्त निघाला की मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भाव पडतो. उत्तमराव या विषयावर झोपेतही बोलले असते.

"यंत्र चौदा दाखवून राहिलं की तीच मूठ परत टाकाय लावतो. मंग कवा अकरा, कवा तेरा. व्यापारी मला पाहूनच तोंड वाकडं करतो."

"मग इथं मूठ परत टाकली का?"

"इथं देव हाय, बाई."

"तिथं भाव जातो अण्णा. इथं आईचे पाय जातील."

उत्तमराव धोतर सावरत उठले. प्रतिक्षा त्यांच्या पुढं निघाली.

बॅनरवरची बाई साक्षात आलेली पाहून महाराजांनी हौसेनं माईक दिला.

"हे मीच लिहिलंय," ती म्हणाली. "घड्याळ न वापरता लिहिलंय. ते खोटं आहे."

मागं रस काढणाऱ्यानं मिक्सर बंद केला. तेवढ्यात उत्तमरावांनी प्रसादाच्या टोपलीतला एक दुधी उचलून त्याला कडं बांधलं होतं. तीनशे बारा.

"भोपळ्यातही प्राण आहे," महाराज म्हणाले.

"आसंल," म्हणत उत्तमरावांनी कडं सोडून माईकच्या लोखंडी दांड्याला बांधलं. तीनशे बारा. मागून कुणीतरी म्हणालं, "दांड्याला रस पाजा, महाराज."

प्रतिक्षानं कड्याच्या बाजूचं बटण दाबून धरलं. एकशे दहा. पुन्हा दाबलं. तीनशे बारा. "दुकानात मांडायच्या घड्याळांत हे असतं. गिऱ्हाइकाला दाखवायला आधीच भरलेले आकडे. महाराज मनगट धरतात तेव्हा अंगठा बटणावर असतो. मंत्र तेवढाच."

महाराजांना अचानक वाशीमचा कार्यक्रम आठवला आणि ते मागच्या दारानं निघाले.

गर्दीतच गावची आरोग्य स्वयंसेविका, आशाताई सपना होती. तिनं पिशवीतून बोट टोचायचं मशीन काढलं. द्वारकाबाईंच्या रक्ताचा थेंब पट्टीवर लागला. तीनशे अठ्ठ्याहत्तर.

द्वारकाबाईंनी आकड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि दुसरं बोट पुढं केलं. "परत टोच."

तीनशे एक्क्याऐंशी.

"आता दवाखान्यात चला काकू, आत्ताच," सपना म्हणाली. द्वारकाबाई चपला शोधू लागल्या.

त्याच आठवड्यात प्रतिक्षानं वर्तमानपत्रात आपलं जुनं परीक्षण नावासकट मागे घेतलं. खाली लिहिलं : सुई न टोचता साखर सांगणारं यंत्र कुणी दिलं, तर ते आधी भोपळ्याला बांधून बघा. देणारा भगव्यात असो की काळ्या टी-शर्टात. छापील शब्दालाही हाच नियम लावा, माझ्यासुद्धा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.