मापाची सायकल

मास्तरीणबाईंच्या घोट्याला बांधलेली नंबराची पट्टी गेल्या वर्षी एका परक्या माणसाने कात्रीने कापली, आणि त्याबद्दल त्यांनी त्याला बारा महिने माफ केलं नव्हतं.

तसं पाहिलं तर त्या पंचाचा काही दोष नव्हता. ट्रायथलॉनचा नियमच तसा. आधी दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल हाणायची, मग दहा किलोमीटर पळायचं. आणि पोहणं नि सायकल मिळून अडीच तासांत उरकलं नाही, तर पुढे पळायला सोडत नाहीत. मास्तरीणबाईंना चार मिनिटं उशीर झाला. पंच खाली वाकला, "बाई, जरा पाय पुढे करा" म्हणाला आणि पट्टी कापून त्याने डब्यात टाकली. त्याची कात्री बोथट होती, हे दुःख आणखी वेगळं.

कारण कात्री म्हणजे मास्तरीणबाईंचं राज्य. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात गेली पंचवीस वर्षं त्या कापड बेतत होत्या. तिथे बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून या मास्तरीणबाई. वय सत्तेचाळीस. पाण्यात उतरल्या की मासोळी, पळायलाही बऱ्यापैकी; पण सायकल होती ताठ बसून भाजी आणायची. कॅरिअर काढून ठेवला म्हणून ती काही शर्यतीची होत नव्हती. सगळा वारा छातीवर झेलत त्यांनी चाळीस किलोमीटर रेटले होते.

"यंदा ती पट्टी मी कुणाला कापू देणार नाही," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "मी टाइम ट्रायल सायकल घेणार."

"म्हणजे ती झोपून चालवायची?" नवऱ्याने विचारलं. तो बसचा ड्रायव्हर. चालवणाऱ्याने समोर बघत ताठ बसावं, असं त्याचं ठाम मत.

"झोपून नाही हो. पुढे वाकायचं, कोपरं गाद्यांवर टेकवायची, हात पुढच्या दांड्यांवर. पाठ सपाट. वारा वरून निघून जातो."

"आणि पैसे? तेही वरून निघून जातात?"

पैशांचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी लोकांचे पडदे शिवून जमवलेलं पाकीट होतं, तेवढ्यातच काय ते बसवायचं. नव्या सायकलींच्या किमती बघून डोळे पांढरे झाले होते, तेव्हा जुनीच घ्यायची हेही ठरलं.

धाकट्या दिराला हे कळलं मात्र, तो कामालाच लागला. स्वतः तो जिना चढताना दोनदा थांबायचा, पण सायकलींबद्दल त्याने इतकं वाचलं होतं की समोरच्याचे कान किटावेत. "वहिनी, कार्बनचीच घ्यायची. चाकं अशी जाड कडांची. लोकांनी बघत राहिलं पाहिजे."

"लोकांना बघायला लावायचं असतं तर मी सर्कशीत गेले असते. माझ्या मापाची कुठली, ते सांग."

ते मात्र त्याला सांगता येईना. तेव्हा मास्तरीणबाईंनी आपलाच मार्ग काढला. मालकाला विचारून सुट्टीच्या दिवशी कारखाना उघडला, बेतायच्या लांब टेबलावर खाकी कागद पसरला आणि स्वतः त्यावर कुशीवर आडव्या झाल्या: गुडघे दुमडलेले, पाठ सपाट, कोपरं पुढे. नवऱ्याच्या हातात खडू दिला.

"काढा रेघ. अंगाला लागून. हात थरथरू देऊ नका."

"इतक्या वर्षांच्या संसारात हे एक राहिलं होतं," नवरा म्हणाला. पण रेघ त्याने जीव लावून काढली. घोट्यापाशी गुदगुल्या झाल्या तेव्हा बाई हसल्या, आणि तिथे ती थोडी वाकडी आली. मग मास्तरीणबाई उठल्या, आपली मोठी कात्री घेतली आणि तो कागद सराईत हाताने असा कापला की बघत राहावं. शर्यतीत वाकलेल्या बाईची आकृती तयार. ती गुंडाळून त्यांनी काखोटीला मारली.

पुढचे तीन आठवडे त्यांनी जुन्या सायकलींची सहा दुकानं पालथी घातली. प्रत्येक सायकलीला कागद लावून बघायचा, मान हलवायची, बाहेर पडायचं. पाच दुकानदार हसले. एकाने विचारलं, "बाई, सायकलीला झबलं शिवताय का?" दीर दुकानाबाहेर उभा राहून ओळख नसल्यासारखा आभाळाकडे बघायचा.

सहावं दुकान एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं होतं. सगळे त्याला काका म्हणत. हात कोपरापर्यंत काळे, बोलणं मोजकं. दर्शनी भागात एक काळी कुळकुळीत कार्बनची सायकल उभी होती, चाकं जाड कडांची. दिराला ती बघून भान राहिलं नाही. मास्तरीणबाईंनी कागद लावला. बूड सीटवर, कोपर गादीवर, पाऊल पेडलवर. तंतोतंत!

"बघितलंत वहिनी? नशीब उघडलं!"

किंमत अख्खं पाकीट मागत होती. बाईंनी सायकल गल्लीत नेऊन दहा मिनिटं चालवली आणि मान चोळत परत आल्या. पुढे पोचायला ताणावं लागत होतं, बूड सारखं सीटच्या टोकाकडे घसरत होतं, बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"सवय होईल," दीर म्हणाला.

हे वाक्य मास्तरीणबाईंच्या चांगलं ओळखीचं होतं. खांद्यात चुकलेला सदरा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना वाईट शिंपी हेच म्हणतो. पण त्यांनी कागद पुन्हा लावला, तर कागद चोख बसत होता. आणि पंचवीस वर्षांत बाईंचा कागद कधी खोटा ठरला नव्हता. "मापात आहे म्हणजे आहे," त्या स्वतःलाच दटावत म्हणाल्या. "माझीच मान आखडली असेल." त्यांनी पाकीट बाहेर काढलं.

काका इतका वेळ हात पुसत उभा होता. तो पुढे आला आणि कागदाच्या कडेवर त्याने एक काळं बोट ठेवलं.

"बाई, ही खडूची रेघ आत का?"

"कुठली?"

"ही. रेघ इथे, आणि कागद कापलाय इथे. सगळीकडून इंचभर बाहेर."

मास्तरीणबाईंनी वाकून बघितलं, तर खरंच तसं होतं. शिवण धरायला मापाच्या रेघेबाहेर जी जागा सोडतात, तिला धंद्यात माया म्हणतात. पंचवीस वर्षांत त्यांनी एक कापड मायेशिवाय कापलं नव्हतं. हाताला सवयच ती. स्वतःलासुद्धा त्यांनी एक इंच माया ठेवून कापलं होतं! बुडाकडे एक इंच, कोपराकडे एक इंच, म्हणजे सायकल दोन इंच लांब निघाली.

त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग इतक्या हसल्या की काकाला स्टूल द्यावं लागलं. "काका, कात्री आहे?"

पत्रा कापायची होती. तिनेच त्यांनी तिथल्या तिथे खडूच्या रेघेवरून कागद कापला आणि आता तो घेऊन दुकानात आत आत शिरल्या. अगदी मागे, छताच्या हुकाला, धुळीत एक अॅल्युमिनियमची सायकल उलटी लटकत होती. रंग आजारी माणसाला देतात त्या औषधासारखा पिवळा. चाकं साधी, एका दांड्यावर चिकटपट्टी. काकाने उतरवली. कागद लावला. बसला.

"वहिनी, नको हो," दीर कळवळून म्हणाला. "हिच्याकडे बघवत नाही."

"मी हिच्यावर बसणार आहे, हिच्याकडे बघणार नाही." आणि बाई गल्लीत निघून गेल्या. दहा मिनिटं म्हणून गेल्या त्या चाळीस मिनिटांनी परतल्या, मान न चोळता. पाठ सपाट राहिली होती, कोपरं गादीवर विसावली होती.

"फ्रेम मोठी असेल तर काही करता येत नाही," काका सायकल पुसत म्हणाला. "बाकी सगळं बदलता येतं."

पिवळीला पाकिटातले निम्म्याहून थोडे जास्त लागले. उरलेल्यात चांगले टायर आले, नव्या केबली आल्या, मापाचं हेल्मेट आलं. शर्यतीचे कपडे बाईंनी स्वतः बेतले, अंगाबरोबर. मग चार महिने रोज पहाटे त्या पिवळीवर वाकून गेल्या. पहिल्या आठवड्यात दोनदा पडल्या, आणि नवऱ्याने "ताठ बस" म्हणायचं तोंडावर आलेलं गिळलं.

शर्यतीच्या दिवशी पाण्यातून त्या चांगल्या वेळेत बाहेर आल्या. मग पिवळी. उलटा वारा सुटला होता, गेल्या वर्षी होता तसाच. कार्बनवाले दोन तरुण डोकं वर काढून हाशहुश करत होते. बाईंनी कोपरं टेकवली, हनुवटी खाली घेतली आणि त्यांच्या बाजूने निघून गेल्या. सव्वीसाव्या किलोमीटरला मांड्या पेटल्या. बाईंनी दात खाल्ले, पण पाठ उचलली नाही.

सायकल ठेवायच्या जागी तोच पंच घड्याळ घेऊन उभा होता. शेजारी तोच डबा.

"किती?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"दोन तास एकोणीस. अकरा मिनिटं हातात आहेत, बाई. पळा!"

बाई पळाल्या. दहा किलोमीटरपैकी शेवटचे चार रडत पळाल्या, आणि ते रडणं आनंदाचं होतं हे त्या नंतर सगळ्यांना सांगत सुटल्या. शेवटच्या रेषेपाशी दीर "ती पिवळीवाली आमची वहिनी!" असं ओरडून घसा बसवून घेत होता. नवऱ्याने ड्रायव्हरची टोपी काढून छातीशी धरली होती.

रेष ओलांडली. नंबराच्या पट्ट्या काढून घ्यायला पंच आता तिकडे आला होता. तो वाकला, खिशातून कात्री काढली. "बाई, जरा पाय पुढे करा."

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे हात केला. नवऱ्याने पिशवीतून त्यांची मोठी कात्री काढून मुठीकडून पुढे केली. सकाळी निघताना ती त्याने न सांगताच पिशवीत टाकलेली बाईंनी पाहिली होती.

बाई खाली बसल्या आणि अगदी घोट्याला लागून, जराही माया न सोडता, त्यांनी पट्टी स्वतःच्या हाताने कापली.