नेच्याचं टोक

पहिला कागद:
*नेच्याचं पान, टोकासकट संपूर्ण. खाणीमागच्या जुन्या ढिगाऱ्यावर सापडलं. शोधणारा: खाणीतला निवृत्त ड्राफ्ट्समन.*

फाडला. 'टोकासकट' लिहिताना हात अडला होता.

संग्रहालयाच्या बाईंनीच सांगितलं होतं, "दगड कसा सापडला ते चार ओळींत लिहून द्या, काचेखाली दगडाशेजारी लावू." चार ओळी! ज्यानं तीस वर्षं खाणीचे नकाशे काढले, जमिनीखालच्या एकेका बोगद्याची रेघ ज्याच्या हातून गेली, त्याला चार ओळी म्हणजे हातचा मळ. पण तीन आठवडे झाले, ओळी काही होईनात.

वसाहतीत सगळे त्याला पेन्सिल म्हणत. अंगानं तसाच, आणि कानावर कायम एक खोचलेली. रेघ अर्धवट सुटलेली दिसली की त्याच्या बोटांना खाज सुटायची. सगळं तिथून सुरू झालं.

दुसरा कागद:
*वहिनींना दगड दिसला. मी हातोडी मारली.*

हे खरं होतं, पण पुढे काय लिहायचं?

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन चार वर्षं झाली. वहिनींनी बावीस वर्षं खाणीच्या पट्ट्यावर काढली. समोरून कोळसा सरकत जायचा, त्यातला दगड वेचायचा आणि बाजूला फेकायचा. त्याच दगडांचा खाणीमागे डोंगर झाला. आता दर रविवारी दोघं त्या डोंगरावर पानं शोधायला जायची. दगड थरांचा. घाव नेमका बसला तर पुस्तकासारखा उघडतो, आणि नशीब असेल तर आत कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पान, काळंभोर, दोन्ही फाकांवर उमटलेलं.

"आधी मीच फेकले, आता मीच वेचतेय," वहिनी म्हणायच्या. "देवानं बरोबर कामाला लावलंय."

दोघांचा एक नियम होता. वहिनींनी दगड हेरायचा, त्यानं फोडायचा. वरची फाक फोडणाऱ्याची, खालची हेरणाऱ्याची.

"कोट्यवधी वर्षांचा संसार एका घावात मोडता हो भावजी तुम्ही."

"हेरून तुम्हीच देता की, वहिनी. मी नुसता काडीमोडाचा वकील."

तो नेचा उघडला तेव्हा मात्र दोघंही थट्टा विसरून दगडावर वाकली. वीतभर पान, शीर न् शीर मोजून घ्यावी असं. फक्त टोक नव्हतं, पण तिथं घावाची धूळ बसल्यानं वहिनींच्या ते लक्षात आलं नाही. शेवटचं बोटभर पान कुठंतरी आधीच तुटून गेलेलं.

घरी आल्यावर त्यानं आपली फाक खिडकीत ठेवली आणि दिवसभर तिच्याभोवती घुटमळला. दुसऱ्या दिवशी सगळ्यात टणक पेन्सिलीला टोक काढलं, भिंग लावलं आणि राहिलेलं टोक रेखाटून पूर्ण केलं. आधी एक पाती, मग दोन, मग शेवटचा नाजूक बाक. शेवटी कोळसा काय आणि पेन्सिलीचं शिसं काय, एकाच कुळातली. मिसळून गेलं. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे, असं तो स्वतःला सांगत राहिला. मग संग्रहालयाच्या बाई आल्या, दगड बघून त्यांचे डोळे चमकले, "टोकासकट! असं क्वचित मिळतं हो," असं त्या म्हणाल्या, आणि तो हसला.

तो नुसता हसला. खोटं असं काही बोलला नव्हता.

पण रेघ ओढणारा माणूस एक गोष्ट विसरला होता. या पानाची दुसरी बाजू वहिनींच्या घरी, मऊ फडक्यात होती.

"दुसरी फाक आहे का?" बाईंनी विचारलं. शेजारीच बसलेल्या वहिनी लगबगीनं घरी गेल्या आणि लेकीचं लग्न असावं तशा दोन्ही हातांवर दगड घेऊन आल्या. बाईंनी दोन्ही फाका शेजारी ठेवल्या. एकीवर टोक, दुसरीवर कोरा दगड.

"तुम्ही हा धुतलात का?" बाई हळूच म्हणाल्या.

"एकदाच हो. मऊ ब्रशनं. धूळ होती म्हणून..."

"तेच झालं. काळा थर फार नाजूक असतो, पाण्यानं निघून येतो. असू दे, यांची फाक आहे ना."

वहिनींचा चेहरा उतरला. "मेले माझे हात," त्या म्हणाल्या. "फेकायचीच सवय ना त्यांना."

पेन्सिलच्या हातात चहाचा कप होता. त्यानं चमचा फिरवला. साखर केव्हाच विरघळली होती, तरी तो ढवळत राहिला.

तिसरा कागद:
*पानाचं टोक*

एवढंच लिहून झालं.

पुढच्या रविवारी वहिनी आल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही गुडघाच. तो एकटा गेला. फोडले ते सगळे दगड आतून कोरे. दगड हेरणारा डोळा नव्हता. नुसती हातोडी काय कामाची?

तिसऱ्या रविवारी तो वहिनींच्या दारात उभा राहिला. त्यांनी खोकं बांधून ठेवलं होतं. चार वर्षांतल्या सगळ्या फाका, प्रत्येक वेगळ्या कागदात.

"हे घेऊन जा भावजी. तुमच्याकडे नीट राहतील. माझ्या हातात काही टिकत नाही."

खोकं त्यानं हातात घेतलंही. जड होतं. एवढं जड, की दारातून बाहेर पडणं जमेना.

"वहिनी, टोक नव्हतंच."

"अं?"

"तुमच्या फाकेवर नव्हतं आणि माझ्याही. मी काढलं. पेन्सिलीनं."

वहिनींनी आधी त्याच्या कानावरच्या पेन्सिलीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "भांडं घासताना, डोक्याला तेल लावताना, मी हे हात बघतेय. आणि तुम्ही तिथं बसून चहा ढवळत होतात."

त्यानं खोकं तसंच छातीशी धरून ठेवलं.

"खोकं खाली ठेवा. उद्या अकराची बस."

संग्रहालयात सगळं ऐकून बाईंनी काच उघडली. त्यानं बोट ओलं केलं आणि टोकावरून फिरवलं. शेवटचा बाक आधी गेला. मग दोन पात्या, मग एक. बाईंनी भिंगातून कोरा दगड नीट पाहिला. मग त्यांनी त्याची फाक त्याला परत दिली आणि वहिनींकडे हात पुढे केला. "तुमची द्याल का?"

"देईन की," वहिनी म्हणाल्या. "पण दोघांचं नाव लावा. घाव यांचाच होता, आणि चांगला बसला होता."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये त्याची फाक त्याच्या मांडीवर होती, काळं बोट मुठीत. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. उतरायच्या आधी त्यांनी हात पुढे केला.

"हातोडी."

रविवारच्या त्याच पिशवीतून काढून त्यानं ती दिली, दांडा त्यांच्याकडे करून.

चौथा कागद, जो काचेखाली लागला:
*नेच्याचं पान, टोक तुटलेलं. वहिनींनी हेरलं, दिरानं फोडलं. टोक पाण्यानं गेलेलं नाही. ते दगडात कधी नव्हतंच. हातोडी आता वहिनींकडे असते.*