व्यक्तिशः ओळखणारी व्यक्ती

दुसऱ्या रेघेवर शाईचा ठिपका पडला होता. पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं, आणि दर वेळी तो थोडा थोडा फुगत गेला. पहिल्या रेघेवर कॉलेजच्या सरांचं नाव सकाळीच लिहून झालं होतं. कन्हेरीच्या फाट्यावर, स्कूटीच्या सीटवर अर्ज पसरून रेश्मा ती रिकामी रेघ बघत उभी होती. ‘उमेदवारास व्यक्तिशः ओळखणाऱ्या, नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची नावे. संबंधितांना फोन करून विचारणा केली जाईल.’ पाचच्या आत अर्ज बारामतीत ऑफिसात पोचायला हवा, नाहीतर ही नोकरी गेली.

आणि नोकरी कुणाची, तर तिचीच! मुलींच्या वसतिगृहासाठी देणग्या मिळवायच्या आणि लोक धरून ठेवायचे, हे काम ती पाच वर्षं कंत्राटावर करत होती. आता जागा कायम होणार म्हणून रीतसर जाहिरात आली. पात्रता : एमबीए किंवा जनसंवादाची पदवी, पाच वर्षांचा अनुभव, दांडगा जनसंपर्क. तिच्याकडे मराठीतलं एमए आणि पोस्टाने केलेला जनसंपर्काचा डिप्लोमा. “फॉर्म नीट भरा हं,” ऑफिसातले दीपक सर म्हणाले होते, “पुण्याच्या दोन एमबीए मुलींचे अर्ज आलेत.” जसं काही तिच्या खुर्चीशी तिचा संबंधच नव्हता.

दांडगा म्हणजे किती दांडगा? फोनमध्ये चार हजार नंबर. नुसती नावं नाहीत, ‘झुंबर, सणसर, बायपास झाली, नात डॉक्टर’ असं सगळं लिहिलेलं. कुणाच्या घरी बारसं, कुणाचा दहावा, सगळीकडे संस्थेच्या वतीने मी हजर. दहाव्याला मागे उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे, आणि बाराव्या दिवशी हळूच फोन... ‘स्मरणार्थ मुलींसाठी काही करायचं मनात असेल तर...’ हे कुठल्या एमबीएत शिकवतात, सांगा की! पण सकाळी जुने देणगीदार दत्तोबांना फोन लावला, तर पलीकडून, “कोन रेश्मा?” आणि मग, “हां हां, होस्टेलच्या म्याडम व्हय!” तिने पावती मिळाली का एवढंच विचारून फोन ठेवला. चार हजारांत एक माणूस नसावा? तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि रागही आला, पण कुणावर ते कळेना.

म्हणून प्रयागबाई. दर सोमवारी वसतिगृहाला भाजी पाठवणाऱ्या, तिला बघितलं की हातातलं काम न सोडता “ये बाई” म्हणणाऱ्या. ती फाट्यापासच्या त्यांच्या घरी पोचली, तेव्हा आत्ताही त्या गवार निवडत ओट्यावर बसल्या होत्या.

“मावशी, एका कागदावर तुमचं नाव लिहू का? ओळखीचं माणूस म्हणून. तुम्हाला फोन येईल.”

“लिही की. पन काय इचारतील?”

“मी कशी आहे, घरचं कोण... असंच.”

“मंग सांग की. मला काय ठावं?” प्रयागबाई हसल्या. “पाच वर्सं येतीस. मी इचारलं की तू म्हनतीस, माझं राहू द्या मावशी, तुमच्या तात्यांचा गुडघा कसा हाय! लई हुशार हाईस. घरी कोन कोन असतं?”

पाच वर्षांत पंचवीस-तीस मानपत्रं लिहिली होती तिने देणगीदारांची, एकेक शब्द तोलून. आणि आता स्वतःबद्दल साधं वाक्य जुळेना. सणसरचं घर... कालव्याकडेचा ऊस... भाऊ...

“भाऊ आहे सणसरला. आई होती. मार्चमध्ये गेली.”

गवारीवरचा हात थांबला. “ह्या मार्चला?”

तिने चार दिवसांची रजा टाकली होती, कारण ‘वैयक्तिक’. ऑफिसात सांगितलं असतं तर संस्थेचं फुलांचं चक्र आलं असतं, तिनेच छापून घेतलेल्या फितीसकट. दहाव्याला येणारी माणसं मनात काय घेऊन येतात, ते तिला कुणी सांगायला नको होतं. आईला देणग्यांच्या त्या यादीत घालवेना. दहाव्याला कालव्यावर भाऊ म्हणाला, “ताई, तुज्या वळखीचं कुनीच न्हाय आलं?” ती म्हणाली, लांब पडतं त्यांना.

“दहावा झाला आन आमाला कळवलं न्हाईस?” प्रयागबाईंचा आवाज चढला. “माझ्या सासूच्या दहाव्याला तू उन्हात उभी हुतीस. आमी आलो नसतो व्हय? दुखाला हाक मारली न्हाईस, आन आता वळख लिहितीस माजी? कसली गं वळख?”

‘चुकलंच मावशी, तुम्ही मोठ्या आहात, पोटात घाला.’ हे वाक्य तिच्याकडे तयार होतं, कुठल्याही घरचा राग तीन मिनिटांत उतरवणारं. जिभेवर आलं... आणि ती ते बोलली नाही. पावतीवर नाव चुकलं म्हणून, फोटोत मागे उभं केलं म्हणून लोक तिच्यावर ओरडायचे, पण तो राग संस्थेवरचा. हा माझ्यावरचा आहे. आईनंतर माझ्यावर पहिल्यांदा कुणी असं चिडलंय. चिडू दे. अजून चिडू दे.

साडेचार वाजून गेले असतील. तिने घड्याळ पाहिलं नाही. डोळे भरून आले ते तिने पुसलेही नाहीत.

“मार्चपास्नं कुनाशीच बोलली न्हाईस?” प्रयागबाईंनी विचारलं, अजून रागातच.

तिने ‘नाही’ म्हणून मान हलवली. आणि मग, इतकी माणसं सांभाळलेल्या रेश्माला कळेना, की यानंतर आधी बोलायचं कुणी असतं, तिने की मावशींनी.