लेझरची वात

योम किप्पूरचा, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपवास उद्यावर आला होता. गेनेंडलच्या स्वयंपाकघरात मेण वितळत होतं आणि कबरींभोवती फिरवून आणलेला दोरा वातींसाठी तुकडे होऊन फळीवर पडला होता. गावासाठी वाती घालणारी ती. एकेकाचं नाव घ्यायचं, एकेक वात ठेवायची. घरातल्या जिवंतांच्या वाती एका मेणबत्तीत, गेलेल्यांच्या दुसरीत.

सुनेला घेऊन आलेल्या ट्रायनानं आईची वात ठेवली, नवऱ्याची ठेवली. स्वतःची आणि सुनेची जिवंतांत ठेवली. लेकाची, लेझरची वात मात्र बोटांतच राहिली.

उन्हाळ्यात लेझरच्या पलटणीतला एक लंगडा शिपाई घरी आला होता. लेझरला आपण स्वतःच्या हातांनी पुरलं, असं त्यानं सांगितलं. ट्रायनानं त्याच्यापुढे भाकरी-कांदा ठेवला आणि म्हणाली, "तू दुसऱ्याच कुणाला पुरलंस, बाळा." सून फ्रेडा चुलीपाशी ऐकत उभी होती. राब्बींना, गावच्या धर्मगुरूंना, जाऊन तिनं नवरा गेल्याचं नुसतं सांगितलं असतं तरी ती मोकळी झाली असती, पुन्हा लग्न करू शकली असती. पण ती एवढंच म्हणाली, "आई, आधी तुम्ही म्हणा. तुमच्याआधी मी नाही म्हणणार."

"ठेव गं ट्रायने," गेनेंडल म्हणाली. "फारक्लेम्ट झालीस. होतं असं. माझ्या भाचीच्या लग्नात तर सारंगीवालासुद्धा फारक्लेम्ट झाला होता. मासे वाढेपर्यंत."

फ्रेडा खाली बघून हसली.

मन भरून आलं की गावात सगळेच हा शब्द वापरायचे. ट्रायनाचा नवरा सुतार. तो म्हणायचा, हा आमच्या कामातला शब्द, शिकंज्यात आवळलेलं ते फारक्लेम्ट. सरस लावलेल्या दोन फळ्या तो आवळून ठेवायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. लवकर सोडलं तर सुटतात म्हणे. ट्रायनानंही तसंच धरून ठेवलं होतं, लेझर सुटू नये म्हणून. आज तिला दिसलं, आवळलेली दुसरी फळी फ्रेडा होती.

तिनं वात गेलेल्यांच्या बाजूला ठेवली.

"नाव घे," गेनेंडल हळूच म्हणाली. "नावावाचून वात लागू होत नाही."

ट्रायनाचं बोट वातीवरून निघेना.

"मी घेऊ का, आई?"

ट्रायनानं मानेनंच नको म्हटलं. फळीची कड घट्ट धरली.

"लेझर," ती म्हणाली. "ट्रायनाचा मुलगा."

डोळ्यांत पाणी आलं नाही. शिपाई आला तेव्हाही आलं नव्हतं.

फ्रेडानं खुंटीवरची शाल घेतली. "राब्बींकडे जाऊन येते."

"जा. उपवास लागायच्या आत जा."

दार लागलं. जिवंतांच्या बाजूला दोनच वाती होत्या. पुढल्या वर्षी त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरच्या मेणबत्तीत असेल. ट्रायनानं तळव्यावर कोमट मेण घेतलं आणि गेलेल्यांची जाड मेणबत्ती वळायला बसली.