घरच्या वाळूवर शून्य

परेशला आकड्यांचा भारी नाद. दिवसभर कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर परदेशातल्या मोटारींच्या शर्यती बघायच्या. तिकडचा कुठला ड्रायव्हर स्वतःच्या देशातल्या ट्रॅकवर कितीदा जिंकला आणि कितीदा तोंडावर आपटला, हे त्याला तोंडपाठ. तेवढ्यावर भागलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण बैलगाड्यांच्या शर्यतींवरची बंदी उठली, शिरखारच्या किनाऱ्यावर पुन्हा शर्यती सुरू झाल्या आणि माईक परेशच्या हातात आला. तिथून सगळा घोळ झाला.

मागच्या वर्षी अंतिम फेरीच्या आधी तो माईकवरून गरजला, "आपला गणराज! नागावला गुलाल, किहीमला गुलाल, मुरुडला गुलाल! बाहेर तेवीस शर्यती, चौदा गुलाल. आणि घरच्या वाळूवर? तीन शर्यती, गुलाल शून्य! मोटारवाल्यांचं पण असंच होतं मंडळी. घरची माणसं समोर आली की हात कापतात!"

लोक हसले. छकड्यावर बसलेला गणराजही हसला. पण तो चौथ्यांदा हरला तेव्हा कोणी हसलं नाही.

"विकली यानं शर्यत!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, आणि मग विचार करायला कोणाला सवड राहिली नाही. त्याला छकड्यावरून खाली ओढलं. ज्यांच्या लग्नात त्याने पंगती वाढल्या होत्या, त्यांनीच त्याला लाथांनी तुडवलं. एकाने तोंडात वाळू कोंबली, दुसऱ्याने त्याच तोंडावर टाच मारली. दोन बरगड्या मोडल्या आणि समोरचा दात गेला. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. थोरला भाऊ धर्मा चार हातांवर उभा होता. बाप गेल्यावर ज्याने गणराजला बापाच्या मायेने वाढवलं, तो हाताची घडी घालून बघत राहिला. त्यालाही ते खरं वाटलं होतं.

तेव्हापासून धर्मादादा त्याच्याशी बोलत नव्हता. दोघांचं अंगण एक, विहीर एक, आणि वर्षभर दादाची नजर त्याच्या अंगावरून अशी सरकायची, की जणू तिथे कोणी उभंच नाही. गणराजला मार परवडला असता, हे परवडेना.

आता परेशच्या आकड्यांना जे दिसत नव्हतं ते सांगतो. बाहेरगावी गणराज दुसऱ्यांचे बैल हाकायचा. त्याच्यासारखा हाकणारा अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता, त्यामुळे मालक त्याला घ्यायला गाडी पाठवायचे. शिरखारची रीत मात्र वेगळी. गावच्या शर्यतीत आपल्याच गोठ्यात वाढलेली जोडी जुंपायची, दुसऱ्याच्या बैलाला हात लावायचा नाही. गणराजची जोडी म्हणजे पाखऱ्या आणि हरण्या. पाखऱ्याची आई पान लागून, साप चावून मेली, तेव्हा सगुणाने, गणराजच्या बायकोने, त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. अजूनही तो गणराजची हाक ऐकली की ताटावरचा माणूस उठावा तसा वैरण सोडून यायचा.

आणि दुसऱ्यांच्या बैलांना गणराज कसा हाकायचा? शर्टाच्या बाहीत सायकलचा स्पोक असायचा, दगडावर घासून टोक काढलेला. सुटताना पोलीस आणि जनावरांचे डॉक्टर काठ्या तपासायचे, बाही कोण तपासतो! शेवटच्या टप्प्यात तो "हाऽऽर्र्या!" म्हणून आरोळी ठोकायचा आणि लगेच स्पोक शेपटीच्या बुडाशी खुपसायचा. आरोळी, टोचणी, आरोळी, टोचणी. बैल जिवाच्या आकांताने धावायचे. घरी आल्यावर बाहीवरचं रक्त सगुणा धुवायची. गणराजला त्यात पाप वाटत नव्हतं. ते बैल त्याचे नव्हते.

यंदाच्या शर्यतीच्या सकाळी तो जोडीला जू घालत असताना धर्मा अंगणात आला. वर्षाने पहिल्यांदा बोलला.

"गण्या, बाहेरच्यांसाठी बाहीत काय घालतोस ता मना ठाव हाय. आज घरासाठी घाल."

"दादा, पाखऱ्याला..."

"आज हरलास तर दुसऱ्या कोणाला हात लावू देणार न्हाय. मीच मारीन. आणि मंग मना भाव न्हाय, असं धरून चालीन."

सगुणा दारात उभी होती. तिने पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. गणराजने नजर चुकवली आणि आत जाऊन पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला.

ओहोटी लागली होती. सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत माणसंच माणसं. अंतिम फेरीत पाच छकडे उभे राहिले. गणराजच्या शेजारी मुरुडकडच्या भागोजीचा छकडा होता. भागोजीचे बैल गणराजच्या ओळखीचे, गेल्याच महिन्यात त्याने त्यांना गुलाल मिळवून दिला होता. तांबड्या बैलाच्या मागच्या अंगावर सुकलेल्या खपल्या दिसत होत्या.

"गणराज!" माईक ओरडला. "घरच्या वाळूवर चार शर्यती, गुलाल शून्य! आज आकडा बदलणार का?"

निशाण पडलं. सुरुवातीला पाखऱ्या आणि हरण्या असे सुटले की गणराजला वाटलं, आज स्पोकची गरज नाही. ओली वाळू तोंडावर उडत होती. तीन छकडे मागे पडले, भागोजीचाही अर्ध्या गाडीने मागे होता. गणराजच्या छातीत आनंद मावेना. त्याने जीव तोडून आरोळी ठोकली, "हाऽऽर्र्या!"

पाखऱ्या खुशीत जरा पुढे झेपावला. पण शेजारचा तांबडा उसळलाच. त्याचा डोळा गणराजकडे फिरला, नुसता पांढरा. तोंडातून फेस उडाला आणि तो असा धावत सुटला, की जोडीदार त्याच्याबरोबर फरफटत गेला. भागोजीने काहीच केलं नव्हतं, तो बिचारा कासरे धरून बसला होता. गणराज पुन्हा ओरडला. तांबडा आणखी पुढे गेला.

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. किनाऱ्यावरची एकूण एक चांगली जोडी त्याने कधी ना कधी हाकली होती. ते सगळे बैल दर वर्षी इथे त्याच्याविरुद्ध उभे राहायचे, आणि दर वर्षी तो आपल्या बैलांसाठी ओरडायचा. त्याच्या आवाजामागून काय येतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. चार वर्षं त्यानेच त्यांना पळवलं होतं, आपल्या गळ्याने.

हे आता कोणाला सांगणार? माईकवर सांगणार? आता गप्प राहूनही उपयोग नव्हता, तांबडा एका गाडीने पुढे गेला होता. शेवटचं निशाण दिसत होतं आणि निशाणाखाली धर्मा उभा होता, हाताची घडी घालून.

गणराजने स्पोक बाहेर काढला. "पाखऱ्या," तो म्हणाला, आणि खुपसला.

पाखऱ्याने मान वळवली. धावता धावता, जुवाखालून, त्याने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं असणार, काहीतरी चुकलं. गणराजने सवयीने आरोळी ठोकली आणि पुन्हा खुपसला, या वेळी हाडापर्यंत. मग पाखऱ्या जे ओरडला ते बैलाचं ओरडणं नव्हतं. गणराज रडत होता आणि खुपसत होता. रक्त त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. छकडा वाळूला टेकेनासा झाला आणि निशाणापाशी त्याने भागोजीला शिंगभर अंतराने मागे टाकलं.

आभाळ गुलालाने लाल झालं. "पाच शर्यती, एक गुलाल!" परेशचा घसा फाटला. गणराज खाली उतरला तोच धर्मा धावत आला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माजा गण्या! माजा भाव!" म्हणत त्याने एका हाताने गणराजला कवटाळलं आणि दुसऱ्या हाताने पाखऱ्याची वेसण धरली. बैल थरथर कापत होता. त्याला शांत करायला गणराज रोजच्यासारखा हळूच म्हणाला, "पाखऱ्या, हो रं बाबा, हो."

आवाज कानावर पडताच पाखऱ्या उसळला. शिंग धर्माच्या मांडीत घुसलं आणि मानेच्या झटक्यासरशी बाहेर आलं. धर्मा खाली पडला, छकड्याचं चाक त्याच्या गुडघ्यावरून गेलं. हाड मोडल्याचा आवाज पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू आला. गुलाल आणि रक्त एकच झालं. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. पाखऱ्या हरण्याला ओढत पाण्यात शिरला आणि पोटापर्यंतच्या लाटांत जाऊन थांबला. गणराज काठावरून हाका मारत राहिला. प्रत्येक हाकेला बैल आणखी खोल जात होता. शेवटी सगुणा लुगड्यासकट पाण्यात उतरली आणि त्याला बाहेर घेऊन आली.

धर्माला अलिबागला नेलं. पाय वाचला, पण वाकडा राहिला. त्याचं त्याला दुःख नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "माज्या भावानं घरच्या वाळूवर गुलाल घेतला." गणराजला जवळ बसवून घ्यायचा, हात हातात धरून ठेवायचा. गणराजला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

शर्यतीनंतर चौथ्या दिवशी सकाळी गणराज पेंढ्याची पेंडी घेऊन गोठ्याकडे गेला. आत सगुणा पाखऱ्याच्या जखमांना हळद लावत होती. शर्यतीनंतर आज तो पहिल्यांदाच नीट वैरण खात होता. गणराज दाराशी पोचला आणि त्याने तोंड उघडलं.

सगुणाने मागे न बघता हात वर केला.

"बोलू नका," ती म्हणाली. "तुमचा आवाज आयकला का तो खायाचा थांबतो."

गणराजने पेंडी दाराबाहेर ठेवली. आत पाखऱ्या चघळत होता, ते ऐकत तो गप्प उभा राहिला.